पानाखालच्या तबकड्या

आबा माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. तुम्ही त्यांच्या ओट्यावर टेकलात, की ते फोनोची चावी भरणार, तबकडीवर काटा ठेवणार आणि मान खाली घालून तुमच्या चपलांवर अशी नजर रोखणार, की नव्या माणसाला वाटावं, आपण चुकून यांच्याच चपला घालून आलो की काय. तबकडी संपली की एकच प्रश्न.

“पाय हालना का?”

हालला म्हणालात तर चहा. नाही म्हणालात तर आबा गालातल्या गालात हसायचे. “तोंड खोटं बोलस भो. आंगठा हालना. मी दखं.” आणि चहा तरीही मिळायचा.

फैजपुरात केळीवर तासभर बोलणारा माणूस दर दुसऱ्या ओट्यावर सापडेल. घड कधी उतरवावा यावर तर आमच्याकडे तान्हं मूलसुद्धा मत देतं. पण सॅक्सोफोनवर बोलणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता, आणि तोही रेल्वेतून निवृत्त झालेला, डोक्यावर टोपी, अंगात बंडी आणि तोंडात अस्सल अहिराणी. माझा धंदा मंडप आणि साउंडचा. लग्न असो, सभा असो, भोंगे माझेच. त्यामुळे आबांच्या लेखी मला नाव नव्हतं. “ये रे भोंगेवाला,” असं ते गल्लीच्या टोकापासून ओरडायचे, आणि माझ्या भोंग्यांपेक्षा त्यांचा आवाज लांब जायचा, हे मी धंद्याची बेअब्रू पत्करून लिहून ठेवतो.

आबा मूळचे धुळ्याजवळच्या नरडाण्याकडचे. तरुणपणी भुसावळला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून लागले. अक्का म्हणजे त्यांची बायको, फैजपूरची, आईबापांची एकुलती एक. मळा तिच्या नावावर, म्हणून आबा मुक्कामाला इकडे आले. घरजावई म्हणून गावाने त्यांना जन्मभर चिडवलं. त्यांनी आपली अहिराणी सोडली नाही आणि अक्कांनी इकडची बोली. दोघं आपापल्या बोलीत भांडायची. यात सोय अशी, की अडचणीचं वाक्य आलं, की समोरच्याला ते समजलंच नाही असं म्हणता यायचं.

आता हा लोको शेडचा फिटर जॅझच्या नादी लागला कसा? ऐका. त्या काळी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत इंजिन चालवणारी अँग्लो-इंडियन कुटुंबं राहायची. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या क्लबात नाच. क्लबाची जमीन लाकडी, जोत्यापासून हातभर उचललेली, आणि तिच्याखालून पाण्याचा नळ गेलेला. एका शनिवारी तो नळ फुटला. आबांना पाना देऊन फळ्यांखाली सरपटत पाठवलं. वर बाजा सुरू झाला, आणि फळ्यांच्या फटीतून आबांना दिसले ते फक्त पाय. घोळदार झग्यांखालचे, चकचकीत बुटांतले, पुढे येणारे, मागे जाणारे, गिरकी घेणारे. माणसं नाहीत, पाय. “तोंडं दखायनीच नहीत रे,” आबा सांगायचे. “पायच दखायनात. मन्हा जीव तठेच गया.”

तो नळ त्यानंतर दर शनिवारी फुटायला लागला. कसा, ते मला विचारू नका. आबांना विचारलं तर ते रेल्वेच्या नळांच्या दर्जावर बोलायला लागायचे.

पुढे ती कुटुंबं एकेक करून परदेशी गेली. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरसाहेबाने निघताना आपली लोखंडी ट्रंक आबांच्या हवाली केली. आत त्याच्या तबकड्या. मुंबई-कलकत्त्याच्या मोठ्या हॉटेलांत वाजणाऱ्या नाचाच्या बँडांच्या, काही थेट अमेरिकेतून आलेल्या. वर पेटीएवढा चावीचा फोनो. साहेबाने एवढंच सांगितलं, की या लाखेच्या आहेत, उन्हापासून जप. खानदेशात राहणाऱ्या माणसाला उन्हापासून जप म्हणून सांगणं म्हणजे माशाला पाण्यापासून जप म्हणण्यासारखंच. पण आबांनी मान हलवली, आणि ती एकदा हलवलेली मान आयुष्यभर पाळली.

लेबलावरचं इंग्रजी आबांना लागत असे, पण पटत नसे. त्यांनी प्रत्येक तबकडीचं बारसं स्वतः केलं. एकीत ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट एकमेकांच्या अंगावर धावून जायची, ती नणंदवाली. एक अगदी हळू सुरू व्हायची, दारात थबकल्यासारखी, आणि मग सगळं घर ताब्यात घ्यायची, ती पाव्हणीवाली. एक अशी होती, की तिच्यावर उजवा पाय हालूच शकत नाही, ती डाव्या पायाची. तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. मग मी उजवा पाय हलवून बघितला आणि माझ्याच हातातला चहा माझ्या विजारीवर सांडला.

पोलादी सुया संपल्या, मिळेनाशा झाल्या, तेव्हा आबांनी बाभळीचे काटे तासून लावले. काट्यावर तबकडी मऊ वाजते, असं त्यांचं मत. मला विचाराल, तर बाभळीच्या काट्यावर अमेरिकेचा बाजा थोडा खानदेशी हेल काढून वाजायचा. कानबाईच्या विसर्जनाला एकदा माझ्या लॅपटॉपने ऐन मिरवणुकीत मान टाकली. बायका फेर धरून उभ्या, आणि साउंडवाला घामाघूम. आबांनी फोनो आणला, मी त्याच्या तोंडाशी माइक धरला, आणि पाव्हणीवालीवर कानबाई निघाली. सगळी आळी नाचली. विसर्जन दुपारपर्यंत लांबलं, कारण देवीला पाण्यात सोडायला कुणी तयारच होईना. पुढची कितीतरी वर्षं बायका मला विचारायच्या, “भाऊ, ते पीं-पीं वालं गाणं आणलं का?”

एक माणूस मात्र त्या मिरवणुकीतही बाजूला उभा होता. अक्का. अक्का या तबकड्यांना सवती म्हणायच्या. “माह्या सवतींचं जेवण झालं का?” असं त्या मला मुद्दाम आबांच्या देखत विचारायच्या. फोनो सुरू झाला, की त्या आत जाऊन भांडी घासायच्या, घासलेलीसुद्धा. आबा आमच्या सगळ्यांच्या पायांकडे बघायचे, पण स्वयंपाकघरात वाकून बघायची त्यांची हिंमत नव्हती. “तिले कान नहीत या गोष्टीसाठे,” असं ते हळूच म्हणायचे, आणि आतून भांडं जोरात आपटायचं.

आता मे महिन्याकडे येतो. आमच्याकडच्या मे महिन्याची कल्पना बाहेरच्यांना नसते. डांबर चपलेला धरून ठेवतं आणि माणूस अनवाणी पुढे जातो. एके वर्षी आबांची एक तबकडी दुपारी खिडकीशी राहिली. संध्याकाळी बघतो तर वाडगा. चांगला खोलगट, काठ वळलेला वाडगा. आबा दोन जेवणं जेवले नाहीत. अक्कांनी त्यात मांजराला दूध ठेवलं. ते मांजर पुढे फार ऐटीत चालायचं.

तेव्हापासून आबांनी शक्कल काढली. अक्कांच्या चुलत भाच्याचं केळी पिकवायचं चेंबर आहे. थंडगार, अंधारं, जाड दाराचं. होळी झाली, की तबकड्या कागदात बांधून, केळीच्या जाळीदार प्लास्टिकच्या कॅरेटांत उभ्या लावून, चेंबरच्या मागच्या कोपऱ्यात जायच्या. वर खूण म्हणून आबांचे तेलकट खाकी शर्ट, रेल्वेतले. खाकी दिसलं, की हमालांनी हात लावायचा नाही. पावसाला सुरुवात झाली, की तबकड्या घरी. पिकल्या केळीचा वास घेऊन यायच्या. आबा मे महिन्यात रोज चेंबरात जाऊन त्यांच्याजवळ बसायचे. भाचा म्हणायचा, “आबा, विजेचं बिल मी भरतो आणि एसी तुम्ही खाता.”

मी सांगतोय त्या वर्षी होळीच्या सुमारास आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. वाकायचं नाही, उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही. तबकड्या चेंबरात पोहोचवायचं काम अक्कांनी आपणहून अंगावर घेतलं. आबांना नवल वाटलं, पण ते काळा चष्मा लावून खाटेवर पडून राहिले. डोळ्याचं पाणी थांबायला ऊन तापेपर्यंत वेळ गेला. मग एका सकाळी, हिंडायची परवानगी मिळाल्या मिळाल्या, ते चेंबरात गेले.

मी समोरच्या पंपावर टेम्पोत डिझेल भरत होतो. आबांची हाक ऐकली. नेहमीची नव्हती. पळत गेलो.

मागचा कोपरा रिकामा. आदल्या संध्याकाळी धुळ्याचा माल भरला, त्यात कोपऱ्यातली कॅरेटंही गेली. हमाल शपथा घेत होते. “आबा, वर खाकी नव्हतंच! पान व्हतं. केळीचं पान. आम्हाले वाटलं, माल आहे.”

आमच्याकडे पिकला माल कॅरेटात भरला, की वरून केळीचं पान टाकायची रीत. वरच्या कॅरेटाचं घासू नये म्हणून. पान दिसलं म्हणजे माल तयार, गाडीत टाका. हे हमालांना झोपेतसुद्धा ठाऊक. मग तबकड्यांवर पान टाकलं कुणी?

अक्का तेवढ्यात आबांचा चहा घेऊन दारात आल्या होत्या. आबा त्यांच्याकडे वळले. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते.

“तूच धाडी दिन्ह्यात ना त्या? इतला वरीस वाट दखी, आन आते डाव साधा.”

हमाल उभे, भाचा उभा, मी उभा. अक्कांनी चहाचा पेला उंबऱ्यावर ठेवला.

“हो,” त्या म्हणाल्या. “मीच धाडल्या.”

आणि तडक बाहेर जाऊन माझ्या टेम्पोत, मागे भोंग्यांच्या खोक्यावर छत्री उघडून बसल्या. न विचारता. आबा पुढे माझ्याशेजारी चढले, घरून आणवलेला फोनो मांडीवर घेऊन. फोनो कशाला, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

भुसावळ गेलं, जळगाव गेलं. ऊन वर येत होतं. एरंडोल आलं. आबा म्हणाले, “वाडगा व्हई जाईन रे बठ्ठास्ना.” मी म्हटलं, “एकीचाही नाही होणार आबा.” आणि टेम्पो असा काही हाणला, की पारोळ्याजवळ एका एसटीला मी ओव्हरटेक केलं आणि तिच्यातले प्रवासी खिडकीतून मला नमस्कार करत होते. मागे अक्का खोक्यावर ताठ बसलेल्या. छत्री वाऱ्याने उलटी झाली, त्यांनी सुलटी केली, पुन्हा उलटी झाली. पण आत येऊन बसते असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

धुळ्याच्या फळबाजारात व्यापारी म्हणाला, ती कॅरेटं पहाटेच साक्रीच्या बाजारकरीण मावशीच्या जीपमधून गेली. आज साक्रीचा बाजार. फोन? मावशीकडे फोन आहे, पण तो ती बाजारच्या दिवशी घरी ठेवते, चोरीला जाऊ नये म्हणून. आबांनी हे ऐकलं आणि फोनो आणखी घट्ट धरला.

साक्रीला पोहोचलो तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर येऊन, कमरेवर हात ठेवून उभा होता. आठवड्याच्या बाजाराला खालच्या पाड्यांवरून, डोंगराकडून माणूस लोटलेला. मिरच्यांचे ढीग, कोंबड्या, दोरखंड, मातीची मडकी. आणि सगळं उघड्यावर. ते ऊन बघून माझा धीर सुटला. मडकी तिथल्या तिथे पुन्हा भाजून निघत होती. आबा माझा खांदा धरून चालत होते. त्यांची बोटं माझ्या हाडापर्यंत रुतली होती.

केळीवाली मावशी निंबाखाली सापडली. धिप्पाड बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आबा पुढे झाले आणि आपल्याच बोलीतलं माणूस भेटल्यावर त्यांचा बांध फुटला.

“माय, तू जे कॅरेटं लई उनी, त्यामा केळी नहीत. त्यामा मन्ह्या तबकड्या शेतस.”

“कसान्या?” मावशी म्हणाली.

“गाणास्न्या.”

मावशीने त्यांना वरून खाली न्याहाळलं, मग मला, मग मागे उभ्या अक्कांना. “बाबा, आजून मी फोडंच नही ते. पहिले वरला माल खपू दे, मंग तळना फोडसू. दख, तठे शेतस.”

झाडाच्या बुंध्याशी, सगळ्यात दाट सावलीत, ओल्या गोणपाटांखाली ती कॅरेटं होती. केळीला ऊन लागू नये म्हणून तिने पहाटेपासून गोणपाटावर पाणी मारत ठेवलं होतं. साहेबाने सांगितलं तसं कुणी तबकड्यांना जपलं असेल, तर या बाईने, केळी समजून.

माझ्या छातीवरून तर अख्खी मालगाडी उतरली. मी तिथल्या तिथे मावशीची दोन डझन केळी घेतली. आम्ही फैजपूरची माणसं साक्रीत केळी विकत घेतो आहोत, हे गावात कळलं असतं तर आम्हाला वेशीत घेतलं नसतं.

आबा खाली बसले. गोणपाट बाजूला केलं. केळीचं पान आलं, अजून थोडं हिरवं. ते उचललं. आणि आबांचा हात थांबला.

तबकड्या कागदात नव्हत्या. प्रत्येक तबकडीला कापड गुंडाळलेलं होतं. जाड, मऊ, टाके घातलेलं कापड, चौकोन कापलेले. आबांच्या डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, त्यांनी बोटांनी चाचपलं. टाक्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

“हाई ते तुन्ही मायनी गोधडी शे,” ते म्हणाले.

अक्का निंबाच्या पलीकडे बघत होत्या. “जाड होती. कापायले बरी.”

“हाई तू फाडी?”

“मंग काय करू? तुम्ही पेपरात बांधता. पेपरानं चरे पडतात त्याईले. मांगच्या साली नणंदवालीत खरखर वाढली व्हती. पाव्हणीवाली तं सुरुवातीलेच अडखळाले लागली व्हती.” त्या एवढं बोलल्या आणि मग राग आठवून पुढचं बोलल्या. “तुमचे ते शर्ट परवाच धुवाले टाकले. तेल माखलेलं असं कोणी ठेवते का चांगल्या वस्तूवर? माह्या बापानं शिकवलं, चांगला माल पानानं झाकाचा. झाकला.”

बाजाराचा गलका चालू होता. कोंबडीवाला भाव सांगत होता. आबा आणि मी मात्र एकमेकांकडे बघत राहिलो. आयुष्यभर भांडी आपटणाऱ्या या बाईला नणंदवाली कोणती आणि पाव्हणीवाली कोणती, हे ठाऊक होतं. कुठल्या तबकडीत कुठल्या साली खरखर वाढली, हेही ठाऊक होतं. आबांनी ओट्यावर बसलेल्या जगभराच्या पायांकडे बघितलं, आणि ऐकणारं माणूस भिंतीपलीकडे होतं.

त्यांनी एक तबकडी काढली. वाकली आहे का, ते त्यांना दिसणार नव्हतं. फोनोवर चढवली, चावी भरली, काटा ठेवला. काटा सरळ चालला, वरखाली झाला नाही. त्या गलक्यात आवाज तो केवढासा. पण मावशीने हातातली केळीची फणी खाली ठेवली. एक म्हातारा आदिवासी मडकं घेता घेता तिथेच थबकला. क्लॅरिनेट आलं, ट्रम्पेट आलं, भांडण जुंपलं. आबांनी या वेळी कुणाच्या पायांकडे बघितलं नाही. ते अक्कांच्या तोंडाकडे बघत होते.

“चांगली आहे,” अक्का म्हणाल्या. “उचला आता. ऊन होऊन राह्यलं.”

मावशीने ओली गोणपाटं आम्हाला तशीच दिली, वर म्हणाली, “बाबा, पुढला बाजारले गाणावाला माल धाडशी का? गिऱ्हाईक उभं राहस.”

परत निघताना मी पुढचं दार उघडून उभा राहिलो. आबांनी फोनो सीटवर ठेवला, माझ्याशेजारी, आणि स्वतः मागे गेले. डोळ्याचं ऑपरेशन झालेला, वय झालेला माणूस टेम्पोच्या फाळक्यावरून चढला, आणि त्याला हात अक्कांनी दिला. कॅरेटं गोणपाटाखाली नीट होती. छत्री एकच. आरशात मला दिसलं, आबांनी ती अक्कांवर धरली होती आणि स्वतः उघडे उन्हात, डोक्यावर टोपी तेवढी.

मी टेम्पो हळू चालवला. खड्ड्यांसाठी, असं मी कुणी विचारलं तर सांगणार होतो. साक्रीपासून आबा बोलत होते. ओठ हलताना दिसायचे, इंजिनाच्या आवाजात शब्द काही पोहोचत नव्हते. अक्का बाहेर बघत होत्या, डोंगरांकडे, शेतांकडे, कुठेही, पण त्यांच्याकडे नाही. असा सगळा नेरपर्यंतचा रस्ता. नेर मागे पडलं आणि अक्का वळल्या, आबांच्या कानाशी वाकल्या, आणि काहीतरी म्हणाल्या. एकच वाक्य असावं. आबा असे हसले, असे हसले, की मागच्या ट्रकवाल्याला वाटलं आम्हीच हॉर्न दिला, आणि त्याने उलट हॉर्न दिला. कुसुंबा येईपर्यंत आबा थांबून थांबून हसत होते, आणि अक्का पदराने तोंड झाकून रस्त्याच्या उलट बाजूला बघत होत्या.

मी आबांना नंतर कितीदा विचारलं, अक्का काय म्हणाल्या? चहा पाजून विचारलं, नव्या सुया मागवून देतो म्हणून लालूच दाखवून विचारलं. ते फक्त हसायचे आणि चावी भरायचे. गेल्या थंडीत आबा गेले. दुपारी जेवून ओट्यावर पडले आणि तसेच गेले, फार त्रास न होता.

यंदा होळी झाली आणि अक्कांचा निरोप आला, टेम्पो घेऊन ये, कॅरेटं चेंबरात न्यायची आहेत. मी कॅरेटं चढवली. अक्का या वेळी पुढे, माझ्याशेजारी बसल्या. चेंबर जवळ आल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, “अक्का, आता तरी सांगा. त्या दिवशी नेरच्या पुढे आबांना काय म्हणाला होतात तुम्ही?”

अक्का हसल्या. तरुण बाई हसते तशा. मग त्यांनी पदर सावरला.

“तुले काय कराचं आहे?” त्या म्हणाल्या. “तू रस्ता पाह्य.”